मुशीवर तरंगणारी राख

साकीनाक्याच्या एका छोट्या ओतकाम कारखान्यात भाताच्या तुसाची राख ॲल्युमिनियममध्ये मिसळण्याची चाचणी ठरली, तेव्हा मुंबईत जुलैचा पाऊस कोसळत होता. तूस जाळल्यावर त्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या भागाइतकी राख उरते आणि तिच्यात बहुतांश सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य घटक, असते. ही हलकी पण कठीण भुकटी धातूत सारखी विखुरली, तर वजन न वाढता धातूची कठीणता वाढते.

कर्जतच्या भातगिरणीतून आणलेली काळपट राख भट्टीत पुन्हा तापवून तिच्यातला उरलेला कोळसा जाळून टाकला होता. निवल्यावर ती वजनकाट्यावर ठेवली, तर आकडा स्थिर होईना. शेवटचे अंक डोळ्यांदेखत वर सरकत होते, कारण सच्छिद्र सिलिका दमट हवेतले पाणी ओढून घेत होती. भट्टीवर धातू वितळवायची मूस सांभाळणाऱ्या मिस्त्रींनी ते पाहिले आणि हात आडवा घातला. "साहेब, ओलसर काही मुशीत जाणार नाही. वितळलेला रस अंगावर उडेल." त्यांचे म्हणणे रास्त होते. राख परत तापवून गरम असतानाच वापरायचे ठरले.

ढवळणीचे पाते फिरू लागले, रसात भोवरा पडला आणि त्यात सोडलेली राख सायीसारखी वरच तरंगत राहिली. वितळलेले ॲल्युमिनियम सिलिकेला सहजासहजी भिजवत नाही आणि रसावरची ऑक्साइडची कातडी आणखी आडवी येते. शेकडा एक भाग मॅग्नेशियम घातल्यावर राख आत जाऊ लागली खरी, पण बरीचशी पुन्हा वर आली. मग तापमान उतरवून रस खिरीइतका दाट होऊ दिला, त्या अवस्थेत राख घोटली आणि रस पुन्हा तापवून साच्यात ओतला. दाट रसातून कण निसटू शकत नाहीत. ही युक्ती ओतकामात नवी नाही, पण तिचा इतका स्पष्ट फरक मी प्रथमच पाहिला.

साच्यातून निघालेली कांब उभी कापल्यावर मात्र वरचा भाग काळसर आणि बारीक छिद्रांनी भरलेला निघाला, कारण रसाहून हलके कण गोठण्याआधीच वर सरकले होते. कठीणता तळाशी एक, माथ्याशी दुसरी. अशा वेळी सरासरी काढून एकच देखणा आकडा देण्याची पद्धत मला पटत नाही. अहवालात आम्ही तळ, मध्य आणि माथा यांची मापे वेगवेगळी नोंदवली आणि पुढच्या ओतकामासाठी पातळ, रस लवकर गोठवणारा लोखंडी साचा मागवला.