आमची वाटचाल : जिताड्याचं बीज

अलिबाग-पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, घरामागे तळं आणि तळ्यात जिताडा हा मासा, ही काही आम्ही आणलेली गोष्ट नव्हे. पावसाळ्याच्या तोंडाला खाडीतून, उघाडीजवळच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराजवळच्या) डबक्यांतून पिल्लं धरायची, तळ्यात सोडायची आणि जावई आला की एक काढायचा, हे इथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पुढे खाडीत बीज, म्हणजे ही पिल्लं, मिळेनासं झालं. तळी मात्र होती तिथंच राहिली. आमचा धंदा त्यातूनच सुरू झाला.

चेन्नईच्या 'सिबा' या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संशोधन संस्थेनं १९९७ मध्ये जिताड्याचं बीज हॅचरीत (अंडी उबवण्याच्या केंद्रात) तयार करून दाखवलं. आज आम्ही पूर्व किनाऱ्यावरून नखाएवढी पिल्लं प्राणवायूच्या पिशव्यांतून आणतो, हाप्यांत (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेट्यांत) वाढवतो आणि बोटाएवढी, म्हणजे बोटुकली, झाली की तळेवाल्यांना देतो.

मधला काळ मोठा कटकटीचा. जिताडा सख्ख्या भावाला गिळतो. एक पिल्लू दुसऱ्याच्या दीडपट लांब झालं की धाकट्याचं काही खरं नाही. म्हणून तीन-चार दिवसांआड सगळा हापा उपसून लहान, मधली, मोठी वेगळी करायची. हे काम घरातल्या बायका करतात. त्यांची नजर आम्हा पुरुषांना नाही. शिवाय हा जातीचा शिकारी, निपचित पडलेल्या खाद्याकडे ढुंकून बघत नाही. गोळी खायला शिकवायची तर चिमूट चिमूट टाकत बसावं लागतं. जे शिकत नाही ते मागे पडतं, आणि मागे पडलं की भावाच्या पोटात जातं.

गिऱ्हाइकाला आमचा पहिला प्रश्न दराचा नसतो. तळ्यात जुना जिताडा उरलाय का, हे आधी विचारतो. असेल तर बीज देत नाही, कारण तो एकटा महिनाभरात आमचं नाव घालवील. चिलापी (तिलापिया मासा) असेल तर मात्र राहू द्या म्हणतो, जिताड्याला ती आयतं खाद्य. पावसाळ्यात तळी गोडी होतात, म्हणून बोटुकली देण्याआधी हाप्याच्या पाण्यातला खारटपणा हळूहळू उतरवतो.

नीट खाऊ घातलं तर वर्षभरात किलोच्या आसपास मासा होतो. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा तळ्यातल्या जिताड्याला जो भाव येतो तो एरवी नाही.

'स्वतःची हॅचरी कधी?' असं सगळे विचारतात. जिताडा आधी नर असतो, बरीच वर्षं पोसून चांगला वजनदार झाला की मादी होतो, आणि अंडी घालायला त्याला समुद्रासारखं खारं, स्वच्छ पाणी लागतं. आमच्या खाडीला चार महिने पुराचा गाळ. तेव्हा सध्या तरी पिशव्या पूर्वेकडूनच येतील.