म्हातारचळ

तालुक्याच्या गावी ओपीडी चालवताना जोडीने येणारे वयस्क नवरा-बायको बहुधा झोपेची तक्रार घेऊन येतात. त्या सोमवारी काकूंनी खुर्चीत टेकायच्या आतच सांगून टाकलं, "डॉक्टर, यांना म्हातारचळ लागलाय." (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

गुरुजी सत्तरीचे, निवृत्त मुख्याध्यापक. मान खाली. उजव्या हाताचा अंगठा जपमाळ ओढल्यासारखा तर्जनीवर फिरत होता. मुलगा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा. त्याला बाहेर बसवलं, तेव्हा काकू बोलत्या झाल्या. रात्रीतून तीन-तीनदा उठवतात. नाही म्हटलं की पहाटेपर्यंत मोबाइल. मुदत ठेव मोडून व्हिडिओ कॉलवाल्या कुणा बायकांना पैसे पाठवले. आता काकू नातीच्या खोलीत झोपतात, आतून कडी लावून.

गुरुजी एकटे असताना एवढंच म्हणाले, "कळतं हो सगळं. कळूनही थांबवता येत नाही." जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का, असं मी सरळच विचारलं. "दोनदा विहिरीपर्यंत जाऊन आलोय."

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात आधी स्मृतिभ्रंशच आला होता. पण तारखा, हिशेब, सगळं पक्कं. मग काकूंनी पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली. कंपवातासाठी प्रॅमिपेक्सोल, डोस वाढवला गणपतीच्या सुमारास. "आणि हे सुरू कधी झालं?" काकूंनी बोटं मोजली. "दिवाळीत."

हे औषध मेंदूत डोपामिनची नक्कल करतं. त्याने हालचाल सुधारते, पण सुखाची ओढ लावणारी केंद्रंही चेततात. कुणी जुगाराला लागतो, कुणी खरेदीला, कुणाचं हे असं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिका-कॅनडातल्या उपचार घेणाऱ्या ३,०९० कंपवात-रुग्णांपैकी १३.६ टक्क्यांमध्ये अशी एखादी तरी सवय आढळली, लैंगिक स्वरूपाची ३.५ टक्क्यांमध्ये. लोक ज्याला लैंगिक व्यसन म्हणतात, त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत व्यसनांत नव्हे, तर आवेग न आवरण्याच्या विकारांत जागा आहे. आणि ते निदान करण्याआधी औषधाचा परिणाम नाही ना, हे बघावंच लागतं. गोळी सुरू करताना घरच्यांना हे दोन वाक्यांत सांगायला काय हरकत असते, मला कळत नाही.

गोळी एकदम बंद करता येत नाही, फार अस्वस्थता येते. पुण्याच्या त्यांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना फोन केला; डोस टप्प्याटप्प्याने उतरवायचं ठरलं. मोबाइलवरचं पैशांचं खातं मुलाकडे, आणि काही आठवडे गुरुजींना एकटं सोडायचं नाही.

दोन महिन्यांनी आले तेव्हा कंप वाढलेला. चहा बशीत सांडत होता. मोबाइल सुटला होता, विहिरीचा विचारही. काकू अजून नातीच्याच खोलीत झोपत होत्या.

निघताना गुरुजी दारातून परत फिरले. "एक चिठ्ठी द्याल? हे औषधानं झालं, असं लिहून. सूनबाईला दाखवायचीय."

लेटरहेडवर लिहून दिलं, मराठीत. त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं आणि पेन मागून माझा एक चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केला.