श्रावणातल्या गुरुवारचा पास्ता

गुरुवार, रात्री साडेदहा

आज पत्नीची दुपारपाळी असल्याने रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे होता. मुलांनी सकाळीच पास्त्याची मागणी करून ठेवली होती आणि आईने ‘मला आपली भाकरी पुरे’ असे सांगून टाकले होते. एका ओट्यावर दोन स्वयंपाक करायचे नाहीत, हा माझा जुना नियम आहे, कारण लोकलमधून मुलुंडला उतरेपर्यंत सात वाजून गेलेले असतात आणि साडेआठच्या पुढे आईला जेवायला उशीर झालेला चालत नाही. त्यामुळे चौघांनाच नव्हे, तर उशिरा येणाऱ्या पाचव्या माणसालाही रुचेल आणि पचेल असा एकच पास्ता तासाभराच्या आत करायचा होता, आणि त्यात मलई आणि चीज यांचाच भरणा असून चालणार नव्हते.

घरातल्या माणसांच्या तक्रारी नखरे म्हणून सोडून दिल्या, तर नुकसान स्वयंपाक करणाऱ्याचेच होते, असे माझे ठाम मत आहे, कारण प्रत्येक तक्रारीमागे एखादी नेमकी गोष्ट असते आणि ती सापडली की निम्मे काम होते. लेकीचे टोमॅटोशी वैर नाही. तिला आंबटपणा सोसत नाही. मुलगा भाज्या खातो, पण टोमॅटोची सुरळी झालेली साल जिभेला लागली की त्याचा चमचा खाली जातो, आणि गिचका झालेल्या सिमला मिरचीला तो हात लावत नाही. रुग्णालयातून थकून आलेल्या पत्नीला रात्री मलईचे जड जेवण नको असते. आईचा चातुर्मास सुरू आहे, म्हणजे कांदा, लसूण, वांगे आणि मसूर बंद, आणि श्रावणात पालेभाजीही बंद. श्रावणात शाक, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल वर्ज्य, असा तो क्रम आहे. त्यातले श्रावणाचे ती काटेकोरपणे पाळते, आणि या दिवसांत बाजारात येणाऱ्या चिखलाने माखलेल्या जुड्या पाहिल्या की मलाही त्या नियमात शहाणपण दिसते. शिवाय तिच्या रक्तातल्या साखरेकडे आम्हा सर्वांचे लक्ष असते.

एवढे सगळे एकत्र मांडले तेव्हा सॉस आपोआप ठरला: लाल भोपळा, टोमॅटो आणि मुगाची डाळ. भोपळ्याचा गोडवा आंबटपणा मारतो, डाळीमुळे मलईशिवाय दाटपणा येतो आणि कांदा-लसणाची गरजच उरत नाही. स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्या मावशींकडून पाव किलो भोपळ्याची फोड, अर्धा किलो टोमॅटो, एक सिमला मिरची आणि थोडी फरसबी घेतली. शेजारच्या टोपलीत झुकिनी आणि ब्रोकोली या ‘इंग्लिश भाज्या’ होत्या. त्यांच्यावाचून पास्ता अडत नाही.

घरी येताच मुगाची डाळ धुऊन भोपळ्याच्या फोडींबरोबर कुकरला लावली. भोपळ्याची साल लेकीने काढली. टोमॅटो मुद्दाम वेगळे ठेवले, कारण आंबट पदार्थाबरोबर डाळ शिजायला वेळ लागतो आणि आज वेळच तेवढा नव्हता. टोमॅटोंना वरून चीर देऊन दोन मिनिटे उकळत्या पाण्यात टाकले की साल बोटाने ओढताच सुटून येते. मुलाच्या तक्रारीवर एवढाच उपाय पुरतो. सोललेले टोमॅटो चिरून कढईत दोन चमचे तेलावर, चिमूटभर हळद आणि काळी मिरी घालून, तेल सुटेपर्यंत परतले. टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपीन शिजवल्याने आणि तेलाच्या सोबतीने शरीरात अधिक चांगले शोषले जाते, तेव्हा या दोन चमचे तेलात हात आखडता घेऊ नये. कुकरची वाफ जिरल्यावर डाळ, भोपळा आणि टोमॅटो मिक्सरमधून गुळगुळीत करून घेतले आणि पुन्हा कढईत ओतले.

पास्त्याचे पाकीट घेताना मी घटकांची यादी वाचतो. सर्वांत जास्त वजनाचा घटक त्या यादीत पहिला छापलेला असतो, आणि तिथे मैद्याऐवजी ड्युरम गव्हाचा रवा असावा लागतो. आपला बन्सी गहू याच जातीचा. म्हणूनच त्याच्या शेवया शिजल्यावरही मोडत नाहीत. ड्युरममधल्या प्रथिनांच्या जाळ्यात स्टार्च अडकून राहतो, त्यामुळे पास्ता मऊ पावापेक्षा सावकाश पचतो आणि रक्तातली साखर एकदम चढत नाही. मात्र तो जास्त शिजवला की हा फायदा कमी होतो. इटलीत माणशी 80 ग्रॅम कोरडा पास्ता आणि प्रत्येक 100 ग्रॅमला एक लिटर पाणी असा हिशेब धरतात. पाण्यात लिटरमागे 10 ग्रॅमपर्यंत मीठ घालण्याची तिकडची रीत आहे. मी सपाट चमचाभर घालतो आणि सॉसमध्ये हात आवरता ठेवतो. पाण्यात तेल अजिबात घालत नाही. त्याने पास्ता सुटा राहतो हा समज चुकीचा आहे. तेल वर तरंगते आणि पास्त्याला चिकटलेच तर त्यावर सॉस धरत नाही.

पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटे आधी मी पेने पास्त्याची एक नळी काढून सुरीने आडवी कापली. काठ पिवळसर पारदर्शक झाले होते आणि मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका उरला होता. गॅस बंद करण्याची हीच वेळ, कारण उरलेला कच्चेपणा सॉसमध्ये जातो. मोठी वाटी भरून ते गढूळ पाणी बाजूला काढले आणि पास्ता नळाखाली न धरता तसाच कढईत टाकला. सॉस तोवर पिठल्यासारखा घट्ट झाला होता. त्यात ते पाणी पळीपळीने घालत मोठ्या आचेवर हलवत राहिलो, तेव्हा कडेला साचलेले तेल पाहता पाहता सॉसमध्ये मिसळून गेले, त्याला एकसारखी चकाकी आली आणि तो प्रत्येक नळीच्या आत-बाहेर बसला. पाण्यात उतरलेल्या स्टार्चमुळे तेल आणि पाणी एकजीव होते. ज्या घरांत हे पाणी मोरीत ओतले जाते, त्यांनी एकदा तरी ते राखून पाहावे, असे मला मनापासून वाटते.

सिमला मिरची आणि फरसबी वेगळ्या तव्यावर, झाकण न ठेवता, दोन-तीन मिनिटे मोठ्या आचेवर परतून करकरीत ठेवली आणि शेवटी मिसळली. आईची ताटली आधी वाढून घेतली आणि मगच मुलांसाठी लसूण व लाल मिरचीच्या तुकड्यांची फोडणी करून त्यांच्या वाट्यावर घातली. एकाच कढईतून नियम पाळणारे आणि न पाळणारे दोघेही जेवू शकतात, ते या वरच्या फोडणीमुळे. खिडकीच्या जाळीतल्या कुंडीतली सब्जाची पाने सगळ्यांच्या ताटल्यांवर तोडून घातली. बाजारात बेसिल म्हणून विकतात ती याच जातीची. चीज चालेल का, असे आईने विचारले. तो प्रश्न रास्त आहे, कारण इटलीतले अस्सल पार्मिजानो वासराच्या जठरातल्या रेनेट नावाच्या विकराने विरजतात. आमच्याकडचे चीज हिरव्या ठिपक्याचे आहे, हे पाकीट दाखवून सांगितले, तेव्हा तिने चिमूटभर घेतले.

पहिला घास खाऊन आई म्हणाली, “अरे, ही तर वरणफळंच की! फक्त फळं विकतची.” तिचे म्हणणे खरेच आहे. प्रथिनांमधला लायसिन हा घटक गव्हात कमी असतो आणि डाळीत भरपूर. चकोल्या करणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांनी हीच जोडी ताटात आणली होती. लेक म्हणाली, “बाबा, भोपळा कळतोय, पण आंबट नाही लागत.” भोपळा कळला याचा मला आनंद झाला. मुलांना न सांगता भाज्या वाटून लपवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. सॉसमध्ये काय आहे हे जिला माहीत असते, ती पुढच्या वेळी भोपळ्याची भाजी निदान चाखून तरी पाहील. जिला फसवले गेले असे कळते, ती पास्त्याकडेही संशयाने पाहू लागते. मुलाने करकरीत सिमला मिरची मागून घेतली, भोपळ्याबद्दल तो काहीच बोलला नाही.

पत्नीचा वाटा मी मिसळलेला नाही. सॉसमध्ये पडून राहिलेला पास्ता पाणी शोषून फुगतो, म्हणून तिच्यासाठी कोरडा पास्ता मोजून ठेवला आहे आणि तो ती हातपाय धुऊन येईपर्यंत शिजेल. वाटीभर सॉस तरीही उरणार आहे. उद्या सकाळी त्यात कणीक, ओवा आणि थोडे तिखट घालून पराठे करायचे आणि मुलांच्या डब्यात द्यायचे, असे आईने आणि मी ठरवले आहे. दाराची घंटा वाजली, पाणी उकळत ठेवतो.