शेऱ्याचा रकाना

आमच्या अपार्टमेंटच्या पुस्तकपेटीची एक वही आहे. तारीख, पुस्तक, नाव, फ्लॅट नंबर, परत आल्याची तारीख आणि शेवटी शेरा. वही मीच आखली. दिवसभर एका कर सल्लागाराच्या ऑफिसात व्हाउचरं आणि जीएसटीच्या नोंदी करत बसते, त्यामुळे रकाने आखल्याशिवाय मला चैन पडत नाही. शेऱ्याचा रकाना ठेवला तो 'कव्हर निघाले', 'पान फाटले' असल्या नोंदींसाठी. पण ए विंगमधल्या पाचवीतल्या एका मुलाने 'श्यामची आई' परत करताना त्यात लिहून टाकलं, "रडवतं. घेऊ नका."

पुढच्या रविवारी त्या पुस्तकासाठी नंबर लागले.

तेव्हापासून तो रकाना पोरांचा झाला. पुस्तक फाटलं तर मी आता पेन्सिलीने कोपऱ्यात खूण करते.

पेटी म्हणजे पत्र्याची जुनी ट्रंक. आधी पार्किंगमध्ये असायची. २०१९ च्या पुरात कृष्णा पार्किंगमध्ये येऊन गेली, तेव्हापासून सांगलीतला शहाणा माणूस पार्किंगमध्ये कागद ठेवत नाही. म्हणून आता ती पहिल्या मजल्यावर जिन्यापाशी असते. रविवारी दुपारी चारला कुलूप निघतं आणि पोरं पायऱ्यांवर बसतात. पुस्तकं बदलायला पाच मिनिटं पुरतात, भांडायला तासभर लागतो.

'श्यामची आई'वरचं भांडण दोन रविवार पुरलं. पोहायला घाबरून श्याम लपून बसतो आणि आई शिंपटीने झोडपून त्याला विहिरीवर पाठवते, तो भाग तुम्हाला आठवत असेल. आमच्या पिढीने तो वाचला आणि डोळे पुसले, बस्स. आठवीतली एक मुलगी ताडकन म्हणाली, "मारायला नको होतं." तिसरीतला एक जण, जो स्वतः कृष्णेच्या माई घाटावर पोहायला शिकलाय, म्हणाला, "पण पोहायला आलं ना त्याला?" ती म्हणाली, "तुला कोणी मारलं होतं का?" तो गप्प. मग म्हणाला, "काकांनी ढकललं होतं." त्यावर सगळे इतके हसले की दुसऱ्या मजल्यावरच्या आजी दार उघडून बघायला आल्या. पण मुलगी हटली नाही. नंतर वळ बघून आईच्या डोळ्यांत पाणी येतं, हे कोणीतरी तिला दाखवून दिलं. ती म्हणाली, "तेच तर. तिला पण आवडलं नव्हतं मारलेलं." नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत साने गुरुजींनी पाच दिवसांत लिहून काढलेल्या पुस्तकाबद्दल मी शाळेत असताना पानंच्या पानं उत्तरं लिहिली. हे वाक्य माझ्या एकाही उत्तरात नव्हतं.

त्याच पुस्तकावर दुसरीतल्या एकीचा शेरा आहे, "पायाला माती लागते तर चप्पल का नाही घातली?" आंघोळीनंतर पाय मळू नयेत म्हणून श्याम आईला लुगड्याचे ओचे पसरायला लावतो, त्यावरचा हा प्रश्न. पायाइतकंच मनालाही जप, हे आईचं उत्तर आपल्याला पाठ असतं. आमच्या या दुसरीतल्या बाईंना मात्र चपलेचं पडलेलं होतं.

आता खरी गोष्ट सांगते, जिच्यासाठी हे लिहायला बसले. १५ ऑक्टोबरला, कलामसाहेबांच्या जयंतीला, शाळांमध्ये वाचन प्रेरणा दिन असतो. त्यासाठी आमच्याकडच्या सहावीतल्या एकाने फास्टर फेणेवर परीक्षण लिहिलं आणि मला शुद्धलेखन तपासायला दिलं. त्यात होतं, "या पुस्तकातून आपणांस धाडस व चातुर्य यांचे महत्त्व समजते. प्रत्येक विद्यार्थ्याने हे पुस्तक अवश्य वाचावे." र्‍हस्वदीर्घाची एक चूक नव्हती. त्याच पुस्तकावर त्याच मुलाचा वहीतला शेरा असा होता : "पहिली पाच पानं दम धरा. मग सुसाट. शेवट आधी बघू नका, मी बघितला आणि वाट लागली."

एकाच मुलाने, एकाच आठवड्यात लिहिलेली ही दोन मतं. परीक्षण मोठ्यांसाठी होतं आणि मोठ्यांना काय हवं असतं ते त्याला नेमकं ठाऊक आहे. शेरा त्याने पुढच्या गिऱ्हाइकासाठी लिहिला. त्याने फसवलं तर ते पोरगं जिन्यात गाठून विचारणार, म्हणून तिथे खोटं चालत नाही. मुलांना मत नसतं, त्यांना मांडता येत नाही, अशी तक्रार मी बऱ्याच पालकांकडून ऐकते. मत असतं हो. कोणाला सांगायचंय त्यावर ते बदलतं, इतकंच. आपण 'यातून काय शिकलास?' विचारतो आणि पोरगं आपल्याला हवं ते हातात ठेवून खेळायला पळतं.

एडन चेंबर्स नावाच्या ब्रिटिश लेखकाने, हा गृहस्थ आधी शाळेत शिकवायचा, मुलांशी पुस्तकांबद्दल कसं बोलावं यावर 'टेल मी' हे पुस्तक लिहिलंय. 'का आवडलं?' हा प्रश्न तो टाळायला सांगतो, कारण 'का' म्हटलं की मुलाला परीक्षेत बसवल्यासारखं होतं. त्याऐवजी, काय आवडलं, काय नाही आवडलं, कुठे कोड्यात पडलात आणि काय पुन्हा पुन्हा येताना दिसलं, एवढ्यावर तो गप्पा सुरू करतो. मला त्यातला कोड्याचा प्रश्न सगळ्यात कामाचा वाटतो. 'आवडलं का?' विचारलं तर 'हो' येतं आणि विषय मिटतो. 'काय कळलं नाही?' विचारलं की सगळ्यांचे हात वर.

फास्टर फेणेबाबत असंच झालं. "ट्रंककॉल म्हणजे काय?" इथून सुरुवात. पूर्वी परगावी फोन एक्स्चेंजमधून जोडून घ्यावा लागायचा, तो ट्रंककॉल. मग सातवीतला एक म्हणाला की मोबाइल असता तर गोष्ट दोन पानांत आटोपली असती. दुसरा म्हणाला, "रेंज नसते रे डोंगरात." तिसरा म्हणाला, चार्जिंग संपलेलं दाखवायचं. अर्धा तास ही पोरं भा. रा. भागवतांची गोष्ट दुरुस्त करत बसली होती आणि त्या नादात, गोष्टीत नायकाला एकटं पाडावंच लागतं, हे त्यांचं त्यांनीच शोधून काढलं. असल्या चर्चेला मोठी माणसं हॉल भाड्याने घेतात. मुलींची तक्रार वेगळी होती आणि मला ती शंभर टक्के पटते : मुली फार कमी आहेत. फेणेचं ते 'ट्टॉक' मात्र सगळ्यांना जमतं. जिन्यात तो आवाज फारच घुमतो, हेही इथे नोंदवून ठेवते.

'तोत्तोचान'वर तर फूट पडली. तेत्सुको कुरोयानागी या जपानी बाईंनी लिहिलेल्या स्वतःच्या लहानपणच्या शाळेच्या आठवणी, तोत्तोचान म्हणजे त्याच. चेतना सरदेशमुख गोसावींचा अनुवाद, नॅशनल बुक ट्रस्टची प्रत. तोत्तोचानचं आवडतं पाकीट संडासात पडतं आणि ती टाकीतला मैला उपसून बाहेर ढीग घालते. मुख्याध्यापक कोबायाशी येतात, ते सगळं पुन्हा आत टाकशील ना, एवढंच विचारतात आणि निघून जातात. या पानापाशी पुस्तक आपोआप उघडतं, इतक्या जणांनी ते वाचलंय. चौथीतल्या एकाचा शेरा : "खोटं पुस्तक आहे. मुख्याध्यापक ओरडत नाहीत असं नसतं." त्याखाली दुसऱ्या अक्षरात : "खरं आहे. त्या बाई जपानच्या टीव्हीवर आहेत. मी यूट्यूबवर बघितल्या." त्याखाली पहिल्याचं : "मग पाकीट का नाही मिळालं?" मला विचाराल तर हा प्रश्न म्हणजे अख्ख्या प्रकरणाचा गाभा. पाकीट मिळत नाही, तरी तिला काही वाईट वाटत नाही, कारण शोधायचं ते तिने मनासारखं शोधलेलं असतं. मी तसं काही बोलले नाही. तोंडाशी आलं होतं, गिळलं.

अगदी छोट्यांचं मत लिहून येत नाही. माधुरी पुरंदरेंच्या यशच्या पुस्तकांत 'हात मोडला' आहे. बालवाडीतल्या एकाचा हात खरंच मोडला होता, तर प्लास्टर निघेपर्यंत त्याने ते परत केलं नाही. त्याच्या आईने चार वेळा दिलगिरी व्यक्त केली. मी वहीत 'मत : उत्तम' लिहिलं.

काही पुस्तकं मात्र नुसती पडून आहेत. कोणी कोणी घर आवरताना बोधकथांचे गठ्ठे आणून देतात. जाड पुठ्ठा, चकचकीत चित्रं आणि शेवटी चौकटीत तात्पर्य. एका मुलीने त्यातलं एक नेलं आणि शेरा लिहिला, "फक्त चौकट वाचली तरी चालतं." तिने वेळ वाचवला, मला राग येण्याचं कारण नाही. उलट 'किशोर' मासिकाचे जुने, पानं सुटलेले अंक भांडून नेतात. बालभारतीने १९७१ पासूनचे अंक इंटरनेटवर ठेवलेत, ते मोबाइलवर फुकट वाचता येतात, असं मी सांगितलं तर उत्तर आलं, "मोबाइलवर शेरा कुठे लिहायचा?"

गेल्या महिन्यात एका बाबांनी मुलाबरोबर बसून पुस्तक वाचलं आणि हौसेने वहीत स्वतः लिहिलं, "छान." पुढच्या रविवारी त्यावर लाल पेनाने गोल होता आणि खाली, "काय छान ते लिहा काका. नाहीतर खोडणार." काकांनी अजून लिहिलेलं नाही. मुदत येत्या रविवारपर्यंत आहे.

कोणाकडे भुताची, मुलांना झेपतील अशी मराठी पुस्तकं असतील तर कळवा. मागणी जबरदस्त आहे आणि पेटीत जे एकमेव भूत होतं त्यावर शेरा पडलाय : "घाबरवत नाही. मांजर जास्त भीतीदायक आहे."