लाहोर का घेतलं नाही?

सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या टोळक्यात पासष्टच्या युद्धाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास विचारतं, "साहेब, लाहोर हाताशी आलं होतं, मग घेतलं का नाही?" मी सैन्यातला नव्हे, पाटबंधारे खात्यातला. पण या गोष्टीत मधे कालवा आहे. म्हणून सांगतो.

तो इच्छोगिल कालवा. १ एप्रिल १९४८ ला भारताने पलीकडच्या कालव्यांचं पाणी तोडलं, तेव्हा पाकिस्तानने चिनाबचं पाणी रावीखालून सायफनने काढून लाहोरच्या पूर्वेला आणलं. पाणी शेताला, आणि खंदक लाहोरला. रुंदी सुमारे १४० फूट, खोली १५. त्यांच्याकडचा काठ मुद्दाम उंच, आपल्याकडचा बुटका, आणि काठात बंकर.

अस्तरीकरण केलेल्या कालव्यात पडलेली म्हैस पाहिलीय कधी? मी पाहिलीय. काठ हातभर लांब, पण शेवाळलेल्या उतारावर खूर ठरत नाही. वर चढते, घसरते, पुन्हा चढते. शेवटी दोर टाकून सहा जणांनी ओढली. तिच्यावर कोणी गोळ्या झाडत नव्हतं.

तरी ६ सप्टेंबर १९६५ ला, पहिल्याच दिवशी, लेफ्टनंट कर्नल डेस्मंड हाइड यांची ३ जाट पलटण कालवा ओलांडून बाटापूरला पोचली. हो, तेच बाटा, चपलांचे. पण पलटणीच्या रणगाडाविरोधी तोफा वाटेतच विमानहल्ल्यात गेल्या होत्या आणि मागून कुमक आली नाही. माघारीचा हुकूम आला.

पंधरा दिवसांनी तीच पलटण पुन्हा तिथेच. आता अलीकडच्या काठावरचं डोगराई गाव पाकिस्तानने लढाईसाठी पक्कं बांधून काढलेलं. २१ आणि २२ सप्टेंबरच्या मधल्या रात्री जाट समोरून न जाता बगलेने घुसले. घराघरात, संगिनींनी लढाई झाली. मेजर आसाराम त्यागी जबर जखमी होऊनही लढत राहिले; पुढे त्या जखमांनीच गेले. हाइड आणि त्यागी, दोघांना महावीरचक्र. पाकिस्तानी पलटणीचे कर्नल कैद झाले, त्यांचं नाव गोलवाला. मुंबईचा माणूस त्या पारशी नावाला चमकतोच! २३ च्या पहाटे युद्धबंदी.

तर उत्तर असं: लाहोर घ्यायचंच नव्हतं. जम्मूतल्या अखनूरवरचा पाकिस्तानी फौजेचा दाब कमी व्हावा म्हणून कालव्यापर्यंत धडक मारायची, एवढंच ठरलं होतं. शहरात शिरलं असतं तर तिथल्या गल्ल्यांत किती पलटणी अडकल्या असत्या, कोण जाणे. ताश्कंद करारानंतर डोगराईही परत दिलं. ते मात्र मला अजून टोचतं.

परवा एका काकांनी नवाच प्रश्न काढला. कालव्याचं पाणी तोडून तो कोरडाच का केला नाही? म्हटलं, काका, कालव्याचं मुख बंबांवालाला. दरवाजे त्यांच्या हद्दीत, किल्ल्याही त्यांच्याच पाटकऱ्याच्या कमरेला.