आमची वाटचाल : डांबराच्या डब्यापासून मेम्ब्रेनपर्यंत

गच्ची गळू नये म्हणून वडील यवतमाळकडच्या वणी तालुक्यात गच्च्यांना डांबर मारायचे. उन्हाळ्यात डब्यात डांबर तापवायचं, स्लॅबवर पसरायचं, वरून गोणपाट आणि वाळू. पहिला पावसाळा बरा निघायचा. पण साधं डांबर ५० अंशांच्या आसपासच मऊ पडतं. आमच्याकडे मे महिन्यात हवेचाच पारा ४५ च्या वर जातो, उघडा स्लॅब तर ६० पार करतो. पुढच्या उन्हाळ्यात ते डांबर ओघळून पाइपाच्या तोंडाशी गोळा व्हायचं. म्हणून मी एपीपी मेम्ब्रेनचे, म्हणजे स्लॅबवर चिकटवायच्या डांबरी चादरीचे, रोल आणले तेव्हा गावोगावी पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "भाऊ, हे उनात पघळन तं नाई?"

नाही पघळत. डांबरात एपीपी, म्हणजे अटॅक्टिक पॉलिप्रोपिलीन नावाचं प्लास्टिक, मिसळलं की ते मऊ पडायला १४०-१५० अंश लागतात. एसबीएस हे रबर मिसळलेला दुसरा प्रकार रबरासारखा ताणला जातो, थंडीच्या मुलखात तो सरस. आमच्या उन्हाला एपीपीच. मात्र मेम्ब्रेनच्या आतलं कापड पॉलिएस्टरचं हवं, फायबरग्लासचं स्वस्त मिळालं तरी. कारण काळी माती. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, घर हलतं आणि स्लॅबची चीर दरवर्षी थोडी उघडते-मिटते. तो ताण पॉलिएस्टर जास्त सोसतं.

हिशोबावरून मात्र बोलणी खाल्ली. रोल एक मीटर रुंद, दहा मीटर लांब, म्हणजे १०७ चौरस फूट. कडेला १० सेंटिमीटर आणि टोकाला १५ सेंटिमीटर जोड दिला की झाकतो ९५ च्या आसपास. काकाजी लोक टेप घेऊन गच्चीवर येत आणि रोल मोजत. आता कोटेशनमध्येच जोडाचं आणि पॅरापेटवर, म्हणजे गच्चीच्या कठड्यावर, चढणाऱ्या पट्टीचं माप वेगळं लिहितो.

खरं काम त्या पट्टीचंच. सपाट भागात मेम्ब्रेन चिकटवायला टॉर्च, म्हणजे गॅसची ज्योत, फिरवणं पोट्टे लवकर शिकतात; जोडाच्या कडेला वितळलेल्या डांबराची बारीक रेघ बाहेर आली की जोड बसला. पाणी शिरतं ते पॅरापेटच्या कोपऱ्यातून, नळाच्या बुडातून, पाण्याच्या तोंडातून. तिथे आधी सिमेंटची गोलाई, मग मेम्ब्रेन किमान १५ सेंटिमीटर वर चढवून भिंतीच्या खाचेत दाबायचं. स्लॅबला उतार नसेल तर आम्ही काम घेत नाही. यावरून गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, जाऊ द्या.

अवकाळी पाऊस पडला की आमची दांडी. ओल्या स्लॅबवर चिकटवलं की वाफ आत कोंडते आणि फुगे येतात. म्हणून रात्रभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून ठेवतो. सकाळी खाली थेंब दिसले तर थांबायचं. भर दुपारीही काम नाही, बुटांचे ठसे उमटतात.

घरांसाठी वेगळी पद्धत बसवावी लागली. आमच्याकडे गच्ची म्हणजे उन्हाळ्यातली झोपायची खोली आणि कुरड्या, सरगुंडे, मिरच्या वाळवायचं अंगण. बाजेचे पाय आणि कूलरचा लोखंडी स्टँड उघडं मेम्ब्रेन फाडतात. म्हणून घरावर मेम्ब्रेन खाली आणि वर कोबा. बाई माणसं खूश, खर्च थोडा वाढतो.

जिनिंगवाल्यांकडे उलटा प्रश्न. शेड पत्र्याचं असतं, पण ऑफिस आणि गोदामाला स्लॅब. शेजारी कापसाचा ढीग असताना गॅसची ज्योत पेटवायची? हंगामात आम्ही तिथे टॉर्च नेतच नाही. मेअखेर आवार मोकळं झाल्यावर करतो, किंवा स्वतःच चिकटणारं मेम्ब्रेन वापरतो. मेम्ब्रेनआधी स्लॅबला लावायचा प्रायमरही पेटतो, तो डबा आधी दूर.

सध्या नवीन डोकेदुखी सौरपॅनलची. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली तेव्हापासून खेड्यातल्या गच्च्यांवरही स्टँड उभे राहताहेत, आणि बसवणारा सरळ मेम्ब्रेनमधून बोल्ट ठोकतो. आम्ही स्टँडसाठी सिमेंटचे ओटे आधीच करून त्यांच्या बुडाला पट्टी चढवून देतो. पॅनल यायच्या आधी बोलावलं तर काम सोपं. नंतर बोलावलं तर आधी पॅनल उतरवणारा माणूस शोधा, मग आम्हाला फोन करा.