बाळासो की बाळासाहेब? माझ्या पहिल्या कामाआधीचे नऊ आठवडे

1 ऑगस्ट 2024 ला मी एका डेअरीच्या प्रयोगशाळेत शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू होणार होते. झाले 3 ऑक्टोबरला. मधले नऊ आठवडे वडिलांच्या नावातल्या दोन अक्षरांनी खाल्ले. आज या गोष्टीला वर्ष होत आलंय, तरी आठवलं की डोकं तापतं. म्हणून सगळं लिहून काढतेय. शेवटच्या वर्षाला असलेल्या एखाद्या मुलीने वाचलं तर तिचे तरी हेलपाटे वाचतील.

आधी थोडं मागचं. मी शिरोळ तालुक्यातली. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी. निकाल लागला त्या दिवसापासून घरी तीनच पर्याय चर्चेला होते: बी.एड., बँकेची परीक्षा नाहीतर लग्न. कॉलेजात सर म्हणायचे, "पुण्याला जा, फार्मात, म्हणजे औषध कंपनीत जा." म्हणून मैत्रिणीच्या खोलीवर राहून पुण्यात पाच आठवडे काढले. रोज बायोडेटा पाठवायचा आणि फोनकडे बघत बसायचं. एका कन्सल्टन्सीने नोंदणीचे म्हणून दोन हजार मागितले, मी दिले, आणि त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलला नाही. काम लावून देण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. दोन मुलाखती झाल्या. दोन्हीकडे लग्नाचं विचारलं, एका ठिकाणी तर ऑटोक्लेव्हबद्दल (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) विचारायच्या आधी. मला काय करायचंय हे मलाच नीट सांगता येत नव्हतं, तेही खरं. "तुम्हाला क्यू.सी.मध्येच (गुणवत्ता तपासणीत) का यायचंय?" या प्रश्नाला माझ्याकडे पाठ केलेलं उत्तर होतं आणि ते पाठ केलेलंच वाटत असणार.

मग गावाकडे परत आले. केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवारी योजनेत नाव घातलं, जवळच्याच एका डेअरीत मुलाखत झाली, निवड झाली. एक वर्षाचं प्रशिक्षण, पदवीधराला तेव्हा किमान 9000 रुपये विद्यावेतन, त्यातले निम्मे सरकारचे. हे सगळं दहा दिवसांत उरकलं. मी पेढे वाटले.

चार दिवसांनी डेअरीतून फोन आला. "मॅडम, तुमचं आधार आणि मार्कलिस्ट जुळत नाही."

मार्कलिस्टवर माझ्या नावापुढे वडिलांचं नाव बाळासाहेब. आधारवर बाळासो. आमच्याकडे कोल्हापूर-सांगलीत हे घरोघरी सापडेल. बाळासाहेबचं बाळासो, अण्णासाहेबचं अण्णासो. बोलायला आणि लिहायलाही तेच. सातबाऱ्यावर बाळासो, सोसायटीच्या पासबुकात बाळासो, रेशनकार्डावर बाळासो. गावात आधारचा कॅम्प लागला तेव्हा मी शाळेत होते. पप्पांनी रेशनकार्ड पुढे केलं, तिथल्या मुलाने बघून टाइप केलं. शाळेच्या रजिस्टरला मात्र गुरुजींनी पहिलीतच नीट बाळासाहेब लिहिलेलं. दोन्ही खरी नावं, एकाच माणसाची. पण संगणकाला ती दोन माणसं वाटली.

मला वाटलं, आधार दुरुस्त करायला किती वेळ लागतोय? दहावीचं प्रमाणपत्र घेऊन केंद्रावर गेले. नंबर यायला साडेतीन तास. आणि नंबर आल्यावर अर्ध्या मिनिटात उत्तर: "यावर फोटो नाही, चालत नाही." शाळा सोडल्याचा दाखला पुढे केला. त्यावरही फोटो नाही. पॅनकार्ड दिलं, तर ते आधारवरूनच काढलेलं, म्हणून त्यावरही बाळासो. फोटो असलेल्या माझ्या प्रत्येक कागदावर चुकीचं नाव होतं, आणि बरोबर नाव असलेल्या एकाही कागदावर फोटो नव्हता.

केंद्रावरच्या मुलाने एक छापील नमुना हातात दिला. त्यावर माझा फोटो चिकटवायचा, माहिती भरायची आणि राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का घ्यायचा. आमदार-खासदारांचीही सही चालते. सही झाल्यापासून तीन महिने तो कागद चालतो. ऐकायला सोपं वाटलं.

तालुक्याच्या एका कार्यालयात गेले. पहिल्या दिवशी साहेब मीटिंगला होते. दुसऱ्यांदा गेले तेव्हा साहेब होते, पण शिपायाने आतच सोडलं नाही. साहेब मीटिंगवरून दमून आलेत म्हणाला. तिसऱ्यांदा आत गेले. त्यांनी कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "मी तुम्हाला ओळखत नाही, सही कशी करू?" मी म्हटलं, सर, दहावीचं मूळ प्रमाणपत्र आहे, बी.एस्सी.च्या मार्कलिस्ट आहेत, वडील बाहेर उभे आहेत. ते म्हणाले, "रहिवासी दाखला आणा, मग बघू." रहिवासी दाखला आणला. मग म्हणाले, "हे आमचं काम नाही, दुसरीकडे जा." एवढं पहिल्या दिवशीच सांगितलं असतं तर माझे अकरा दिवस वाचले असते. त्या दिवशी परत येताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. पप्पा शेजारी गप्प बसलेले. ते एकदाच म्हणाले, "माझ्याच नावापायी झालं गं हे." त्यांचा यात काय दोष होता? त्यांना जन्मभर सगळ्यांनी ज्या नावाने हाक मारली तेच त्यांनी सांगितलं होतं.

1 ऑगस्ट गेली. डेअरीतल्या बाईंनी समजून घेतलं, पण म्हणाल्या की ही जागा आता भरावी लागेल, ऑक्टोबरच्या तुकडीत तुझं नाव ठेवते. माझ्या बरोबरीची मैत्रीण तोपर्यंत मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून ग्रामपंचायतीत लागलीसुद्धा. पदवीधराला महिना 10000. तिचं स्टेटस बघून मी फोन पालथा ठेवायचे.

शेवटी सही मिळाली ती प्राथमिक आरोग्य केंद्रात. आशाताईंनीच सुचवलं. तिथल्या डॉक्टर मॅडम राजपत्रित अधिकारी. त्यांनी आशाताईंना विचारलं, मूळ कागद एकेक करून पाहिले आणि सही केली. दहा मिनिटं लागली असतील. लोक आधी तहसीलकडे पळतात, मीही पळाले. आपल्याला गावात ओळखणारा अधिकारी कोण, हे आधी शोधा.

तरी संपलं नाही. केंद्रावर परत गेले तर शिक्का फोटोवर अर्धा यायला हवा होता, तो शेजारी पडला होता. परत आरोग्य केंद्र. परत केंद्रावर रांग. टाइप करून झाल्यावर मी मान वाकडी करून स्क्रीनकडे बघितलं तर इंग्रजी नावात बी-ए-एलच्या पुढचा ए गाळलेला. बाळासाहेबचं बालसाहेब झालं होतं! मी ओरडलेच. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्यातली एक संधी मी अशी घालवली असती. म्हणून सांगते, 'ओके' म्हणायच्या आधी दोन्ही लिप्यांतलं एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. मागच्या रांगेतले लोक कुरकुरतात. कुरकुरू द्या. तेव्हा 50 रुपये फी होती, पावती मिळाली. पावतीवरच्या नंबरने मी रोज सकाळ-संध्याकाळ स्थिती बघायचे. बावीस दिवसांनी दुरुस्ती झाली.

पण याच दिवसांत मला माझं काम सापडलं.

घरी बसून डोकं फिरायला लागलं, म्हणून मम्मी म्हणाली, संस्थेत तरी जाऊन बस. आमच्या गावच्या दूध संस्थेत सकाळी सहाला आणि संध्याकाळी संकलन असतं. सचिवकाकांनी मला नमुन्याच्या टेबलाशी बसवलं. कॉलेजात मी दुधाच्या चाचण्या पाठ केल्या होत्या, इथे कॅन घेऊन उभी असलेली माणसं समोर होती. म्हशीच्या दुधाला 6.0 फॅट आणि 9.0 एस.एन.एफ. (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लागलं पाहिजे, नाहीतर दर कापतात. पट्टीवर छापून येणाऱ्या त्या दोन आकड्यांवर घरातला किराणा ठरतो.

आमच्याच गल्लीतल्या एक मावशी होत्या. एकच म्हैस. आठवडाभर त्यांचं फॅट 5.1, 5.0 असं लागत होतं आणि मागची बाई हळूच म्हणाली, "पाणी घालत असतील." मावशींनी ऐकलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसती कॅनची कडी घट्ट धरून उभ्या राहिल्या. मी त्यांच्या पट्ट्या मागून घेतल्या. डिग्री, म्हणजे लॅक्टोमीटरवरचा दुधाच्या घनतेचा आकडा, 30. पाणी घातलं असतं तर डिग्री आधी उतरली असती. फॅट कमी आणि डिग्री चांगली, म्हणजे पाणी नाही. मी विचारलं, मावशी, रेडकाला कधी सोडता? म्हणाल्या, "धार काढून झाल्यावर, पोटभर." तिथेच उत्तर होतं. सुरुवातीची धार पातळ असते, शेवटची दाट. सगळी साय रेडकाच्या पोटात जात होती. मी सांगितलं, रेडकाला आधी पाजा, शेवटची धार बादलीत येऊ द्या. आणि नमुना घेण्याआधी दूध नीट ढवळायला लावा. पाचव्या दिवशी त्यांचं फॅट 6.4 लागलं. त्यांनी पट्टी दोन बोटांत धरून मागच्या बाईला दाखवली. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते मी कधीच विसरणार नाही.

त्या सकाळी मला कळलं की मला तपासणीचं काम करायचंय, आणि दुधाचंच. पुण्यातल्या त्या प्रश्नाचं उत्तर मी आता झोपेतसुद्धा देईन: माझ्या हातातला आकडा चुकला तर कुणाच्या तरी घरी पैसे कमी जातात.

त्याच काळात वाचनालयात जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींबद्दल वाचलं. 1933 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, एक वर्ष अटीवर काम केलं आणि स्वतःला सिद्ध केलं. 1939 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट. पुढे आरे दूध प्रकल्पाला त्या सल्ला देत होत्या, ग्राहक चळवळीत अन्नातल्या भेसळीवर काम करत होत्या. म्हणजे जे काम मला आवडायला लागलं होतं ते एका मराठी बाईने इतक्या उंचीवर नेऊन ठेवलेलं होतं! आम्ही कॉलेजात दरवर्षी 28 फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा केला, रामन यांच्यावर भाषणं केली, आणि तीन वर्षांत हे नाव एकदाही कानावर पडलं नाही. याचा मला आधारच्या रांगेइतकाच राग आहे. अजून एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती: अन्न सुरक्षा अधिकारी या पदाला मायक्रोबायोलॉजीची पदवी चालते. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली आज घरी आहेत, त्यांना हे माहीत नाही.

आता डेअरीत सकाळी टँकर आला की मी नमुना घेते. नळीत 10 मिली दूध, 1 मिली मिथिलीन ब्लू (जंतू वाढले की फिका पडणारा निळा रंग), आणि 37 अंशांच्या पाण्यात ठेवायचं. पाच तास निळी राहिली तर दूध फार चांगलं. अर्ध्या तासात पांढरी पडली तर जंतूंनी भरलेलं. पहिल्यांदा एक नळी माझ्या डोळ्यांसमोर वीस मिनिटांत पांढरी पडली, वरती नुसतं एक निळं कडं उरलं, तेव्हा माझ्या हाताला घाम आला होता. तो टँकर परत गेला. ड्रायव्हर माझ्यावर चिडला. मी नोंद वहीत सही केली, पूर्ण नावाने.

एक राहिलंच. आधार बँक खात्याला जोडलेलं असतं, पण सरकारी पैसे ज्या खात्याला आधार सगळ्यात शेवटी जोडलं त्याच खात्यात जातात. माझा सरकारी वाटा दोन महिने अकरावीच्या शिष्यवृत्तीच्या खात्यात पडत होता आणि मी नव्या खात्यात शोधत होते. रुजू व्हायच्या आधी बँकेत जाऊन विचारा. आणि मुलाखतीत कामाच्या पाळ्या कोणत्या, गाडी कुठपर्यंत येते, हे स्पष्ट विचारा. मला वाटलं होतं, विचारलं तर मुलगी कटकटी आहे म्हणतील. उलट बाईंनी वेळापत्रकच हातात दिलं, ते मी घरी दाखवलं, आणि काकांनी आणलेलं स्थळ पुढच्या वर्षावर गेलं.

माझं वर्ष आता संपत आलंय. प्रशिक्षण संपल्यावर कामावर ठेवण्याचं बंधन कंपनीवर नसतं, म्हणून मी आणखी दोन प्रयोगशाळांत अर्ज टाकलेत. काल धाकट्या बहिणीचे सगळे कागद जमिनीवर मांडून बसले. तिच्या आधारवरही बाळासो. ती अजून बारावीला आहे. पुढच्या सोमवारी आम्ही दोघी आरोग्य केंद्रात जातोय, फोटो आणि गोंद सोबत घेऊन.